मास्तर, तो त्रिशूळ नोव्हता

मास्तर, त्या दिवशी विणकामशाळेत साऱ्या वर्गासमोर डोळे मिटून तुम्ही ज्या चिंधीले जीभ लावली, ती चिंधी म्या बकरीच्या मुतात भिजवली होती. चांगली आठवडाभर. मंग चुलीच्या धुपटात टांगली, मंग पुन्हा भिजवली. बकरी शेजारणीची, काळी, एका शिंगाची. तिले बाभळीच्या शेंगा चारून चारून म्या असं वळण लावलं होतं का मी डबडं घेऊन गेलो का ती आपसूक उभी राहे. तुम्ही जीभ लावली, जरा थांबले, अन् म्हटलं, "शंभर वर्षांच्या आतली चव नाही हे." मी मागच्या रांगेत सोताचं मनगट दातात धरून बसलो होतो. आजही तुमचं ते तोंड आठवलं का जेवता जेवता ठसका लागते. तुम्ही जाऊन लय वर्षं झाली, माणूस मेला का त्याच्यावरचा राग उतरते म्हणते लोक. माहा उतरला नाही. हे आधी सांगून टाकतो, मंग बाकीचं.

जीभ लावाची सवय तुमचीच. आमाले माहीत होतं का विणकराच्या तोंडाले कापडाची चव असतेच. धोट्याच्या भोकातून धागा ओढाचा त तोंडानं चोखूनच ओढा लागते, अन् ताण्याले लावलेली खळ जिभेवर येते. ज्वारीची खळ आंबट लागते, तांदळाची गोडसर, हे आमच्या गोळीबार चौकातल्या कोणत्याई पोट्ट्याले विचारा, सांगन. पण तुम्ही त्याचं शास्तर केलं. म्हणे जुन्या काळी खळीत जंगलातला डिंक टाकत, त्याची तुरट चव कापड विरलं तरी जात नाही. कोणी काही जुनं आणलं का तुम्ही आधी भिंगातून धागे मोजत, मंग वास घेत, मंग शेवटी डोळे मिटून जिभेचं टोक लावत. त्या वेळी वर्गात कोणी खोकललं तरी तुमाले खपत नोव्हतं. मुंबईहून चित्रकला शिकून आलेला माणूस, धुतलेला सदरा, अन् जीभ बाहेर. मले तेव्हाच वाटे का या जिभेचं काहीतरी कराले पाहिजे.

तुमाले येत होतं, हे मी नाकारत नाही. सातवीत दोनदा बसलेल्या माणसाले तुम्ही चौकटीच्या कागदावर एक एक घर भरून काठ काढाले शिकवला. आमाले रामटेकले नेलं, देवळाच्या दगडातली वेलबुट्टी दाखवली, म्हटलं, "पोट्टेहो, हे दगडावर नंतर आलं, आधी कापडावर होतं. कापड सडलं, दगड राह्यला." मी मागं पोट्ट्याहिले हासवाले सायकलच्या पंपानं मारुतीच्या फोटोले हवा भरून दाखवून राहिलो होतो, तरी ते वाक्य कानात शिरलं, अजून निघालं नाही. करवतीच्या दातासारखा काठ तीन धोट्यांनी कसा विणाचा, अंगाचा धागा अन् काठाचा धागा एकमेकात कसा अडकवाचा, का दात चिरला नाही पाहिजे, हे तुम्ही माह्या हातावर हात ठेवून शिकवलं. तुमचा हात थंड होता. दुसऱ्या दिवशी म्या तुमच्या खुर्चीवर खाजकुयली टाकली. हे त्याच्यासाठी नाही, ते असंच. तुम्ही मले आठ दिवस मागापासून दूर बसवलं अन् नुसत्या सुताच्या कांड्या भरवल्या. तिथपर्यंत आपला हिशोब बरोबरीत होता.

मंग तो मंगळवार आला. माहा बाप वर्गात आला होता, आठवते का? तुमाले काय आठवन. खड्ड्यात पाय सोडून विणाच्या मागावर सारी जिंदगी बसलेला माणूस, चालला का थोडा वाकडा चाले. नवं लुगडं विणलं होतं त्यानं, राणी रंगाचं, हिरव्या काठाचं. घरी मीच फुशारकी मारत होतो, का आमचे मास्तर असे, आमचे मास्तर तसे, एका नजरेत सांगते का कापड कोणत्या घरचं. त्याले वाटलं, दाखवावं. धुतलेलं धोतर नेसून आला, दारात चपला काढल्या, अन् लुगडं दोन्ही हातांवर घेऊन उभा राह्यला, कोणाचं लेकरू घेऊन उभं राहावं तसा.

"कोण पाहिजे?" तुम्ही विचारलं.

"या पोट्ट्याचा बाप होय जी. एक काठ काढला होता. पाहा म्हटलं."

तुम्ही ते लुगडं दोन बोटात धरलं. ओलं फडकं धरते तसं. फळ्याच्या खिळ्याले लटकवलं अन् आमच्याकडं वळले. "पाहून घ्या. हात आहे, नजर नाही. हे रंग पाहा, जत्रेतल्या रेवड्या. अन् हा काठ. हा काठ कुठून आला? कुठूनच नाही. मनाले येईन ते. ज्याच्यामागं परंपरा नाही, ते लुगडं नाही, पोतं होय."

पोट्टे हासले. माहा बाप बी हासला, मास्तर. "बरोबर आहे जी," म्हणे, "आमाले कोणं शिकवलं?" अन् त्यानं खिळ्यावरून लुगडं उतरवलं, ते अडकलं, त नखानं धागा सोडवून उतरवलं, का फाटू नये. वर्गात हासाचं काम नेहमी माहं असे. मी नाही हासलो त सारे माह्याकडं पाहतीन, असं मले वाटलं. म्हणून मी बी हासलो. जरा जोरानंच.

तुम्ही त्या काठाकडं पाहिलंच नोव्हतं. मी सांगतो काय होतं त्याच्यात. वरती खालती करवतीचे दात, अन् मधल्या पट्टीत चिमणीचे पाय. तीन बोटं पुढं, एक मागं. आमच्या गल्लीत सकाळी ताणा पसरवून खळ लावते, ती खाली सांडते, चिमण्या येते खळ खाले, अन् वाळत आलेल्या खळीवर त्याहिचे पाय उमटते. माह्या बापानं ते पाहिलं, कागद नाही, पेन्सिल नाही, मनातच धागे मोजले अन् काठात बसवले. माय त्याले चिमणपाय म्हणे. तुम्ही म्हटलं, कुठूनच नाही आला. आमच्या दारातून आला होता, मास्तर. उठून पाहिलं असतं त वर्गाच्या खिडकीतून बी दिसला असता.

बापानं घरी येऊन लुगडं घडी करून पेटीत घातलं, अन् त्याच्यानंतर काठच सोडला. साधी पांढरी धोतरं विणाले लागला. माय म्हणे, "काहून वं बाई, काय झालं याहिले?" मी म्हटलं, धोतराले गिऱ्हाईक जास्त आहे. मी पोट्टा असा का राग आला तरी तोंडातून थट्टाच निघते. पण यावेळी मी थट्टा आतमधी ठेवली अन् तिले शिजू देली.

संधी तुम्हीच देली. दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही सांगतलं, आपापल्या गावाले जा, म्हाताऱ्यांच्या पेट्या पाहा, जुन्या वाकळी उसवा. वाकळीच्या पोटात जुन्या लुगड्यांचे काठ सापडते, तोच आपला इतिहास, तो घेऊन या. बाकीचे पोट्टे खरंच गेले. मी पेटी उघडली. बापाच्या त्या लुगड्याचा आतला पदर हातभर कापला, अन् कापलेली कड दातानं कुरतडून ठेवली. मायले दिसलं तेव्हा तिनं उंदराले लय शिव्या देल्या. मंग म्या ती पट्टी सोड्यात उकळली, राणी रंग मेला. बाभळीच्या सालीच्या पाण्यात टाकली, हिरवा तपकिरी झाला. मंग बकरी. मंग धूर. मंग सावनेरच्या मावशीकडची एक फाटकी वाकळ आणली, तिच्या पोटात पट्टी घातली अन् जुन्याच धाग्यानं टाचली. इतकी मेहनत म्या तुमच्या कोणत्याच अभ्यासात घेतली नाही.

सुट्टीनंतर तुमच्या टेबलावर वाकळ ठेवली. "मास्तर, मावशीच्या गावची म्हातारी सांगे, तिच्या आजसासूची आहे." तुम्ही कैचीनं टाके काढले. पट्टी बाहेर आली तशी तुम्ही कैची ठेवली. भिंग लावलं. दात मोजले. मधल्या पट्टीवर आले, अन् तुमचा श्वास मले ऐकू आला. वास घेतला. मंग जीभ.

"त्रिशूळ," तुम्ही म्हटलं. "पाहा, तीन टोकं वर, दांडा खाली. भोसल्यांच्या काळातला त्रिशूळ काठ होय हा. ऐकून होतो मी, पाहाले आज मिळाला." तुमच्या डोळ्यात पाणी होतं. त्याच काठासाठी, मास्तर. फक्त त्याच्यातून रंग काढला होता, माहा बाप काढला होता, अन् बकरी घातली होती, मंग तो तुमाले दिसला. मले इतका आनंद झाला का मी उभाच राह्यलो. तुमाले वाटलं, मी बी भारावलो. तुम्ही जवळ आले, खांद्यावर हात ठेवला, अन् तुमचं पितळी भिंग माह्या हातात देलं. "तुले मी वाया गेलेला समजत होतो," म्हटलं. "तुह्यात नजर आहे. हे तू ठेव." ते भिंग आजही माह्यापाशी आहे. त्यातून धागे मोजून काठ काढतो, त्याच्यावरच पोट भरते माहं. वापस देणार नाही.

मले वाटलं होतं, एखाद्या महिन्यानं साऱ्यांसमोर सांगाचं. बापाचं उरलेलं लुगडं न्याचं, खिळ्याले लटकवाचं, बाजूले तुमची चिंधी लावाची, अन् म्हणाचं, मास्तर, आता दोन्हीले जीभ लावा. झोपताना मी ते वाक्य घोकत होतो. पण तुमाले दम कुठं होता? तुम्ही पट्टी काचेत बसवली. चौकटीच्या कागदावर तिचं डिझाईन काढलं. दिल्लीहून पाहुणे आले, त्याहिले दाखवलं. अन् मंग विणकर सोसायटीनं ठरवलं का हाच काठ साऱ्या मागांवर लावाचा. मी उद्या सांगतो, परवा सांगतो म्हणत राह्यलो, अन् एक दिवस माहा बाप सोसायटीतून सूत घेऊन आला, सुताच्या गठ्ठ्यावर तुमचा कागद.

त्यानं तो कागद मागाच्या समोर, भिंतीले लावला. खड्ड्यात उतरून बसला. धोट्याले हात लावला नाही. मी दाराशी उभा.

"हे त चिमणपाय होय गा," म्हणे.

"त्रिशूळ आहे बाबा. भोसल्यांच्या काळातला. जुन्या वाकळीत सापडला."

"कोणाले सापडला?"

"मलेच."

तो पुन्हा कागदाकडं पाहाले लागला. बोटानं हवेत धागे मोजत होता. "मंग म्या काढला तो?"

इथं मी सांगाले पाहिजे होतं. तोंडात आलं बी होतं. पण सांगतलं असतं त लुगडं कापलं ते सांगा लागलं असतं, अन् वर्गात तुमची आखरी फजिती व्हाची होती ती तो मले करू देता ना. तो तुमच्या पाया पडाले गेला असता. म्हणून म्या म्हटलं, "कुठं पाहिला असन तुम्ही. देवळात-गिवळात. ध्यानात राह्यलं असन."

"असन बापा," म्हणे. "म्या समजो, मीच काढला." अन् मंग धोटा फेकला.

बस, इतकंच झालं. तो ओरडला नाही, रुसला नाही. वर्षानुवर्षं तो काठ विणत राह्यला, साऱ्या इतवारीच्या बाजारात त्याच्यासारखा त्रिशूळ कोणाचा उतरत नाही म्हणत. व्यापारी म्हणे, "मास्तरचं डिझाईन तुह्या हाताले चांगलं बसलं." तर हा म्हणे, "मास्तर मोठे होते जी. मी एकदा तोच काठ माहा म्हणून त्याहिले दाखवाले नेला होता. लाज आणली म्या." असं साऱ्याले सांगे. हासत सांगे. मी तिथंच पाटीवर बसून कांडी भरत असो, अन् तुमाले मनातल्या मनात ज्या शिव्या देत असो, त्या कागदावर लिहिता येत नाही.

हे पाप मी एकट्याच्या नावावर घेणार नाही, मास्तर. कात्री माही, बकरी शेजारणीची, पण पोतं तुम्ही म्हटलं. तुम्ही एक मिनिट ते लुगडं नीट धरलं असतं, त मले काही कराचीच गरज नोव्हती. तुमची सारी विद्या मागं पाहाची. दगडात पाहा, वाकळीत पाहा, मेलेल्या माणसाच्या पेटीत पाहा. अन् समोर जिवंत माणूस उभा, चपला काढून, त तो तुमाले दिसत नाही. मी सातवी नापास आहे, पण हे मले समजते.

तुमाले सांगाची संधी तुम्ही देली नाही. त्या दिवाळीनंतरच्या पहिल्याच मे महिन्यात, माह्या घोकलेल्या वाक्याच्या आधीच, तुम्ही गेले. उन्हानं घेरी आली म्हणे, अन् मंग उठलेच नाही. मी लय चिडलो. माणूस इतका खोटेपणानं कसा मरू शकते, काहीच न समजता. वर्गातल्या पोट्ट्याहिनं ठरवलं, मास्तरच्या अंगावर त्रिशूळ काठाची शाल टाकाची, अन् ती मीच विणाची, कारण काठ मले सापडला. म्या विणली. साऱ्या काठात चिमणीचे पाय, डोक्यापासून पायापर्यंत. लोक रडत होते, अन् मी पाहत होतो का माह्या बापाच्या चिमण्या तुमच्या छातीवरून चालून राहिल्या, अन् तुमाले हात उचलून हाकलता येत नाही. घाटावर मी एकटाच खुश होतो. तुमच्या घरच्या बाईंनी माहे हात धरले अन् म्हटलं, "तुमच्यावर लय जीव होता त्याहिचा." मी मान हलवली.

अजून बी दरवर्षी वर्गात तुमच्या फोटोले हार घालते. बाजूले काचेत ती पट्टी. नव्या पोट्ट्याहिले गोष्ट सांगाले मलेच बोलावते, का मास्तरनं कसा डोळे मिटून काळ ओळखला. मी सांगतो. जिभेजवळ आलो का जरा थांबतो, चवीनं सांगतो. कोणालेच माहीत नाही मी काहून थांबतो. माहा सूड दरवर्षी असा ताजा होते. इतके दिवस मले वाटे, इतकं पुरे आहे.

पण काल माह्या बापानं घोळ केला. त्याची छाती आता भरली आहे. सुताची धूळ, दुसरं काय. मेडिकलच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं मले बाजूले नेऊन सांगतलं ते म्या त्याले सांगतलं नाही, पण त्याले माहीत आहे. दुपारी पेज पाजत होतो, त म्हणे, "तिकडं तुह्या मास्तरची भेट झाली त बरं होईन."

"काहून?"

"माफी मागाची आहे. जुन्या लोकाहिचा काठ म्या माहा म्हणून मिरवला. त्याहिनं चारचौघात सांगतलं, बरोबर सांगतलं. पण मले तेव्हा राग आला होता गा. मनातल्या मनात म्या त्याहिले लय बोललो. ते मनावर राह्यलं."

माहं वाटीकडं ध्यान राह्यलं नाही, पेज त्याच्या गळ्यावर सांडली. तो म्हणे, "राहू दे, पुसता येते."

म्हणून हे लिहून राहिलो. तुमाले आता जीभ नाही, भिंग नाही, खुर्ची नाही, मी तुमाले भेत नाही. पण तो येईन. एक दोन महिन्यात येईन. वाकडा चालत येईन, दुरूनच चपला काढीन, हात जोडीन. तुम्ही त्याले वाकू देऊ नका. त्याचा तुमच्याशी काहीच गुन्हा नाही. तो काठ त्याचा आहे, सारा, दातापासून चिमणीपर्यंत, हे तुम्ही त्याले सांगतलं पाहिजे. तसं सांगा. नाही, थांबा. तसं सांगतलं त तो विचारन, मंग वाकळीत कसा गेला, अन् तुम्ही म्हणान, तुमच्या पोराले विचारा. अन् त्याले आठवन का मी दाराशी उभा राहून काय म्हटलं होतं. वर्गात मी हासलो ते त त्याले आठवतच असन, त्यानं कधी काढलं नाही.

तो आत्ता भिंतीपलीकडच्या खोलीत पडला आहे. खोकला ऐकू येते. उठून दहा पावलं गेलो, त मी सोताच सांगू शकतो. सकाळपासून तीनदा उठलो. एकदा पाणी देलं, एकदा चादर ओढली, एकदा नुसता पाहून आलो. हे पत्र पोस्टात टाकाचं त नाही, चुलीतही टाकवत नाही, घडी करून ठेवतो. मास्तर, तुमच्यावरचा माहा राग तसाच आहे, तो मी सोडणार नाही. पण एवढं एक मागतो, जन्मात पहिल्यांदा तुमाले काही मागतो. तो आला त त्याले बसाले सांगा, चहापाणी असन त द्या, त्याच्या हाताची तारीफ करा. बकरीचं कोणाले बी सांगा, मले चालते. पण ते दाराशी मी जे म्हटलं, ते सांगू नका. कोणालेच नोको. त्याले त नोकोच.